कोल्हापुरात आई-वडिलांना पहिल्यांदाच सुशी-हिबाची खायला न्यायचंय. बजेट बेताचं आहे. काय मागवू?

तुम्ही लिहिलंय की वडील पक्के मटणवाले, आई शाकाहारी, आणि कच्च्या माशाचं नाव काढलं की दोघंही तोंड वाकडं करतात. तरी जरूर घेऊन जा. सुशी म्हणजे आंबटगोड भाताचे, मासा किंवा भाजी घालून केलेले जपानी घास आणि रोल, आणि हिबाची म्हणजे तव्यावर परतलेलं गरम जेवण. कच्चा मासा न मागवताही सुशीचं जेवण झकास होतं, आणि स्वस्तातल्या हॉटेलात मी स्वतः तो मागवतच नाही.

आपल्याकडे रत्नागिरी-मालवणचा मासा चांगला येतो, पण तो कालवणाला चांगला म्हणून कच्चा खायलाही चालेल असं नाही. माशात जंत असू शकतात. ते मरावेत म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितलंय की मासा उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस ठेवावा, किंवा उणे ३५ अंशांना गोठवून तिथेच १५ तास. त्याला चांगला डीप फ्रीझर लागतो आणि रोजची शिस्त लागते. वेटरला सरळ विचारा, मासा कुठला आणि कसा गोठवलाय? नीट उत्तर आलं नाही तर तो विषय तिथंच सोडा. नदीचा मासा तर कच्चा कधीच नको.

हॉटेल कसं आहे हे मी भातावरून ठरवतो. सुशीचा सगळा जीव भातात असतो. आखूड दाण्याचा चिकट तांदूळ शिजवून, गरम असतानाच त्यात व्हिनेगर, साखर, मीठ घालून हलक्या हाताने कालवतात, आणि ताटात येताना तो साधारण अंगाइतका कोमट असावा लागतो. सकाळी रोल करून फ्रीजमध्ये टाकले की शितं कडक होतात, मग वर काहीही घाला, चव येत नाही. म्हणून आधी फक्त एक काकडीचा रोल मागवा, बहुतेक ठिकाणी तोच सगळ्यात स्वस्त असतो. भात मऊ, किंचित आंबटगोड आणि शीत न् शीत कळणारा असेल तर पुढची ऑर्डर द्या. थंडगार, दडदडीत लागला तर सुशी तिथंच थांबवा आणि गरम पदार्थांकडे वळा. जपानी तांदळाऐवजी कुणी इंद्रायणी वापरली तर माझी अजिबात हरकत नाही, चिकटपणा बरा येतो. बासमतीचा रोल मात्र हातात सुटतो.

भात जमला असेल तर वडिलांना कोळंबी टेम्पुराचा रोल द्या. कोळंबी तळलेली असते, ओळखीची लागते. क्रॅब स्टिक म्हणून जे येतं ते बहुधा खेकडा नसून पांढऱ्या माशाचा लगदा असतो, त्याला जास्त पैसे मोजू नका. चॉपस्टिकच्या काड्या जमल्या नाहीत तर सुशी हाताने खाल्लेली जपानातही चालते, हे वडिलांना आधीच सांगा, म्हणजे ते अवघडणार नाहीत. सोबत येणारा हिरवा झणझणीत गोळा, म्हणजे वासाबी, मात्र त्यांना चटणीसारखी खाऊ देऊ नका. ती मिरचीसारखी जिभेवर चढत नाही, फेसलेल्या मोहरीसारखी थेट नाकात जाते. तांबडा रस्सा पचवणाऱ्या माणसालाही ती पहिल्यांदा हलवून सोडते.

आईच्या बाबतीत जरा काटेकोर राहा. मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप, दिसायला शाकाहारी, पण त्याचं पाणी बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क काढून केलेलं असतं. मेनूत हिरवा ठिपका असला तरी विचाराच. काकडी, गाजर, अॅव्होकॅडोचे रोल त्यांना चालतील, फक्त मेयोनीजमध्ये अंडं आहे का ते बघा.

हिबाची म्हणून इथं जे मिळतं ते मोठ्या सपाट लोखंडी तव्यावरचं जेवण. ही पद्धत १९४५ साली जपानातल्या कोबे शहरात मिसोनो हॉटेलात सुरू झाली असं मानतात, आणि १९६४ पासून न्यूयॉर्कच्या बेनिहाना हॉटेलाने गिऱ्हाइकांसमोर तिचा खेळ करून ती अमेरिकेत गाजवली. स्वस्तातल्या हॉटेलात आचारी समोर कांद्याच्या चकत्या रचून त्यांचा ज्वालामुखी पेटवेलच असं नाही, बऱ्याच ठिकाणी सगळं आत मुदपाकखान्यातच होतं. पण लसूण, बटर, सोया सॉसवर परतलेलं चिकन आणि तोच वास लागलेला भात, हे वडिलांना नक्की आवडेल. तुमचे पैसे मुख्यतः इथं खर्च करा. अशी एक प्लेट बहुधा दोघांना पुरते, त्यामुळे दुसरी लगेच सांगू नका. सोया सॉस मुळातच खूप खारट असतो, वरून ओतू नका.

रविवारी आपल्याकडे हॉटेलं भरलेली असतात, तेव्हा बुधवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी लवकर जा. भात ताजा मिळण्याची शक्यता जास्त. आणि आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा, आईच्या भाज्या चिकनच्या तव्यावर न परतता वेगळ्या तव्यावर करून देतील का. गर्दी नसली की असं सांगितलेलं ऐकतात.