मातीचं विचारा : शेगडीचं दार कुठे गेलं?

प्रश्न : हंगेरीत लेकीकडे गेले होते. व्हिशेग्राडच्या राजवाड्यात नक्षीदार टाइल्सची माणसाहून उंच शेगडी पाहिली. समोर दारच नव्हतं. लाकडं घालत कुठून? आणि ती खरोखर मध्ययुगातली का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दार भिंतीपलीकडे! अशा शेगडीचं तोंड मागच्या बोळात उघडे. नोकर तिथूनच लाकडं सारत, राख ओढत. धूर, राख आणि नोकर तिघंही मागे. राजाच्या दालनात येई ती फक्त ऊब.

तुम्ही समोरून पाहिलीत. माझं आयुष्य कुंभाराच्या चाकावर गेलं, त्यामुळे मला टाइलची पाठ बघायची घाई असते. कोनाड्याची, म्हणजे आत खोलगट टाइल करायची तर चाकावर नळकांडं ओढायचं, ओलसर असतानाच उभं चिरायचं. दोन कोनाडे तयार. त्यांच्या तोंडाशी साच्यातून काढलेली नाजूक जाळी किंवा घोडेस्वार बसवायचा. बुडाच्या (आजच्या बुडापेस्टचा भाग) किल्ल्यातली 15व्या शतकाच्या मध्याची घोडेस्वारांची शेगडी तर प्रसिद्धच आहे. हे कोनाडे निव्वळ मिरवायला नव्हेत, त्यांनी तापणारा पृष्ठभागही वाढतो. जोडकाम मातीचंच असे, म्हणून शेगडी उकलून पुन्हा रचता येई.

या शेगड्यांचा नेहमीचा हिरवा रंग तांब्याचा, शिशाच्या ग्लेझमध्ये, म्हणजे टाइलवरच्या काचेसारख्या लेपात. (शिसं विषारी; माझ्या विद्यार्थ्यांना मी त्याला हात लावू देत नाही.) हे ग्लेझ भट्टीत ओघळतं, शेजारचे रंग एकमेकांत मिसळतात. कथील घातलं की ग्लेझ दाट, अपारदर्शक होतं आणि एकाच टाइलवर पांढरा, पिवळा, निळा आपापल्या जागी राहतात. हंगेरीच्या मात्याश राजाच्या काळात (1458–90) बुडात अशा रंगीत टाइल्स झाल्या. मला विचाराल तर हिरवीच देखणी. रंगीत जरा बडेजावी वाटते.

तुम्ही पाहिलीत ती मात्र उत्खननातल्या तुकड्यांवरून नव्यानं उभारलेली. 1544 मध्ये व्हिशेग्राड तुर्कांच्या हाती गेलं, पुढे राजवाडा ढासळून मातीखाली गेला. 1934 मध्ये वास्तुविशारद यानोश शुलेक यांना त्याचे अवशेष सापडले.

मूळची, जागेवरची शेगडी बघायची असेल तर ऑस्ट्रियात साल्झबुर्गचा किल्ला गाठा. तिथली 1501 ची, राजाची नव्हे तर तिथल्या आर्चबिशपची (ख्रिस्ती धर्मप्रमुखाची), लिओनहार्ड फॉन कोयट्शाख यांची. त्यांच्या कुलचिन्हात चक्क सलगम आहे, किल्ल्यात तो ठिकठिकाणी दिसेल.