चिकणमातीत धातू घालायचाय? आधी पाणी समजून घ्या

चिकणमातीत धातू घालून ती भाजायच्या पहिल्याच प्रयोगासाठी तुम्ही माँटमोरिलोनाइट (पाण्याने फुगणारं, थराथरांचं चिकणमातीचं खनिज) निवडलंत, छान केलंत. केओलिनाइट या न फुगणाऱ्या चिकणमातीच्या थरांमध्ये धातूचे आयन सहजी शिरत नाहीत, इथे मात्र ते थरांमधल्या आयनांशी अदलाबदल करून शिरतात.

सुरुवातीला तापमानाकडे नीट बघा. साधारण 100 ते 200 अंश सेल्सिअसला थरांमधलं पाणी जातं आणि थर जवळ येतात. हे बहुधा उलटवता येतं, ओल मिळाली की माती पुन्हा फुगते. 600 ते 700 च्या आसपास मात्र रचनेतले हायड्रॉक्सिल (OH) गटच पाण्याच्या रूपात निघून जातात. मग पृष्ठभाग वेगळाच होतो आणि आयनांची अदलाबदल जवळजवळ थांबते. म्हणून धातू आधी, भाजणं नंतर. नवखे नेमकं उलट करतात.

लिथियम तर 200 ते 300 अंशांनाच थरात रुतून बसतो आणि माती फुगायची थांबते. सोडियम असलेल्या मातीवरून लिथियमचा अंदाज बांधाल तर फसाल.

आणखी नेहमीच्या चुका:
- धुणं अर्धवट सोडणं. धातूचं क्लोराइड वापरलं असेल तर धुवणाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाका. पांढरा साका येत असेल तर अजून धुवा.
- धातू न घातलेली माती सोबत न भाजणं. मग बदल उष्णतेने झाला की धातूने, कसं सांगणार?
- भाजलेला नमुना उघड्यावर ठेवणं. तो हवेतली ओल ओढतो, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणारा पदार्थ ठेवलेल्या बंद भांड्यात) ठेवा.

आम्लस्थळं (पृष्ठभागावरच्या आम्लधर्मी जागा), स्तंभित माती (थरांमध्ये खांबांसारखे आधार घातलेली माती) वगैरे सध्या बाजूला ठेवा. आधी क्ष-किरण विवर्तनात (क्ष-किरणांनी थरांमधलं अंतर मोजायच्या पद्धतीत) थरांमधलं अंतर बदललेलं दिसू दे.