ओसीटी आधी की स्लिट लॅम्प?

प्रश्न : मी नेत्रतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी दवाखाना काढतेय. विक्रेता म्हणतो, ऑटोरिफ्रॅक्टोमीटर (चष्म्याचा नंबर काढणारं यंत्र) आणि ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणारं स्कॅन यंत्र) एकत्र घ्या, सूट देतो. घेऊ का?

उत्तर : ओसीटी आत्ता नको, डॉक्टर. हप्ते सुरू झाले की गरज नसलेल्या पेशंटलाही तपासणी लिहावीशी वाटते. पहिला पैसा स्लिट लॅम्पवर, म्हणजे प्रकाशाची झिरी टाकून डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर घाला. दिवसभर हात त्याच्यावरच राहणार. घेण्याआधी स्वतः बसून पाहा : झिरीची कड धारदार दिसते का, जॉयस्टिक अडखळते का. सोबत ९० डायॉप्टरचं भिंग घेतलं की डोळ्याचा पडदाही त्यावरच तपासता येतो.

डोळ्यातला दाब मोजायला गोल्डमन टोनोमीटर, जो बुबुळाला टेकवून दाब मोजतो. हवेच्या फुंकरीचा झटपट होतो खरा, पण काचबिंदूचं औषध वाढवायचं तर मला गोल्डमनचाच आकडा लागतो. कॅलिब्रेशन तपासायची दांडी पेटीत आहे ना, तेवढं बघा.

ऑटोरिफ्रॅक्टोमीटर गर्दीत उपयोगी पडतो, जरूर घ्या. मात्र लहान मुलं यंत्रात डोकावताना डोळ्याला ताण देतात आणि मायनस नंबर जास्त येतो. तिथे हा ताण सैल करणारे थेंब घालून रेटिनोस्कोपीच करा, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून स्वतः नंबर काढा. आणि हो, दुरुस्तीचा माणूस कुठून, किती दिवसांत येणार, हे कोटेशनवरच लिहून घ्या.