ओपन सोर्समध्ये काम करायचे आहे; कोणती भाषा शिकू?

चि. विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे चार पानी पत्र दोनदा वाचले. तू कोल्हापुरातच संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, पहिल्या वर्षी सी आणि थोडी पायथन झाली आहे, आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरच्या, कामात तुला मनापासून उतरायचे आहे. क्लासवाले जावा शिकायला सांगतात, कॉलेजातले सीनियर रस्टशिवाय आता काही खरे नाही म्हणतात, आणि व्हिडिओ पाहावेत तर दर आठवड्याला नवीच भाषा पुढे येते. सहा महिन्यांत पाच भाषा शिकवणारा एक क्लास ४५,००० रुपये फी सांगतो आहे आणि त्याच्या प्रवेशाची मुदत येत्या शनिवारी संपते. आईबाबांचा प्रश्न वेगळाच आहे: फुकट वाटायच्या सॉफ्टवेअरवर राबून पोट कसे भरणार?

या सगळ्यात तिसऱ्या पानाच्या तळाशी तू जाता जाता एक वाक्य लिहिले आहेस. उद्यमनगरातल्या बाबांच्या वर्कशॉपसाठी दीड वर्षापासून तू फ्रीकॅड या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जॉबची ड्रॉइंग काढून देतेस. तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वाक्यात सापडले. फ्रीकॅड हे स्वतःच ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, ते तू रोज वापरतेस, आणि त्यात कुठे अडते हे तुला ठाऊक आहे. ही तयारी कोणत्याही क्लासमध्ये विकत मिळत नाही.

भाषा आधी आणि प्रकल्प नंतर, हा क्रम विद्यार्थ्यांच्या मनात परीक्षेच्या अभ्यासक्रमामुळे पक्का बसलेला असतो. ओपन सोर्समध्ये तो उलटा चालतो, कारण चालू प्रकल्पाची भाषा त्या प्रकल्पाने फार पूर्वीच ठरवलेली असते आणि नव्याने येणाऱ्याने ती शिकून घ्यायची असते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे तिचे कर्नल, १९९१ पासून सी भाषेत लिहिले जात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ आवृत्तीपासून त्यात रस्टलाही जागा मिळाली, तरी आजही त्यातला फार मोठा भाग सीमध्येच आहे. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी, अनेक महाविद्यालये वापरतात ते मूडल आणि असंख्य संकेतस्थळांच्या मुळाशी असलेले वर्डप्रेस, ही तिन्ही पीएचपीमध्ये आहेत, आणि पीएचपीचे नाव तुझ्या पत्रात एकदाही आलेले नाही. म्हणून आधी एक सॉफ्टवेअर निवडावे; भाषेचा प्रश्न त्यानेच सुटतो.

फ्रीकॅडची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली. त्याचा गाभा सी प्लस प्लसमध्ये आहे, भूमितीची आकडेमोड ओपन कॅस्केड या लायब्ररीकडे, म्हणजे तयार कोडच्या संचाकडे, सोपवलेली आहे, पडद्यावरच्या खिडक्या आणि मेनू क्यूटी या दुसऱ्या लायब्ररीच्या साहाय्याने उभे केले आहेत, आणि या सर्वांवर पायथनचा एक थर आहे. ही वाटणी कोणाच्या आवडीनिवडीतून आलेली नाही. हजारो पृष्ठभागांची छेद-जोड क्षणात करायची तर यंत्राच्या जवळची, वेगवान भाषा लागते. वापरणाऱ्याला मात्र दोन ओळी लिहून लगेच परिणाम पाहायचा असतो, आणि तिथे पायथन सोयीची पडते. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये एकाहून अधिक भाषा का नांदतात, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा तुला रोजच्या वापरातल्या साधनात पाहता येईल.

आजच रात्री हे करून पाहा. फ्रीकॅडमध्ये पायथन कन्सोल, म्हणजे पायथनचे आदेश दिसतात आणि देता येतात ती खिडकी, उघडा ठेव, पार्ट वर्कबेंच या साधनांच्या गटात एक सिलिंडर काढ आणि कन्सोलकडे लक्ष दे. तू माउसने जे केलेस तेच तिथे पायथनच्या ओळींत उमटलेले दिसेल. त्या ओळी वहीत उतरवून घे, त्यातला त्रिज्येचा आकडा बदलून पुन्हा चालव. मग आत दुसरा सिलिंडर घेऊन पहिल्यातून वजा कर. तयार झाला तो बुश. आता बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि लांबी एवढी तीन मापे दिली की बुश काढून देणारा छोटा प्रोग्रॅम लिही. फ्रीकॅड व्यास मागते की त्रिज्या, या एका मुद्द्यावर तुझा पहिला बुश दुप्पट जाड होण्याची बरीच शक्यता आहे, आणि ती चूक स्वतः शोधून काढण्यात पायथनचा जो अभ्यास होईल तो पाठांतराने होणार नाही. पुढे कीवेचा खाचा, कॉलर, फ्लँजची भोके असे एकेक वाढवत ने. बाबांकडे वारंवार येणारे दहा-बारा जॉब अशा रीतीने मापे बदलून निघू लागले, तर तो संच इतर वर्कशॉपवाल्यांनाही उपयोगी पडेल, आणि तू तो मुक्त परवान्याखाली, म्हणजे इतरांना वापरण्याची आणि बदलण्याची मुभा देऊन, प्रसिद्ध करू शकशील.

म्हणून पहिली भाषा पायथन, याबद्दल मला शंका नाही. दुसरी सी प्लस प्लस; पण तिची सुरुवात लिहिण्याने करू नकोस, वाचण्याने कर. मी अनेक वर्षे मुलांचे बायोडाटा पाहत आलो आहे. पाच-पाच भाषांची नावे लिहिलेल्या मुलासमोर दुसऱ्याने लिहिलेली दोनशे ओळींची फाइल ठेवली की तो गोंधळतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे, आणि दर वेळी वाईट वाटते, कारण त्या मुलाने कष्ट केलेले असतात, फक्त त्याला परके लिखाण वाचायला कोणी बसवलेले नसते. ओपन सोर्समध्ये पहिले वर्षभर तरी वाचनच अधिक असते. उद्यमनगरात नव्या पोराला लेथवर उभे करण्याआधी ड्रॉइंग वाचायला शिकवतात. बाबांना विचार, ते सांगतील.

वाचण्यासारखे एक उदाहरण देतो. एखाद्या भागाचे सुरुवातीचे माप बदलले की पुढे दिलेले भोक किंवा चॅम्फर (कडेला दिलेला तिरका काप) भलत्याच कडेवर जाऊन बसते, हा अनुभव तुला जुन्या आवृत्तीत नक्की आला असेल. आकार नव्याने मोजला गेला की कडांचे आणि पृष्ठभागांचे क्रमांक बदलतात आणि आधी दिलेला संदर्भ चुकतो, हे त्याचे कारण. फ्रीकॅडची ही जुनी दुखणी एका विकासकाने स्वतःच्या वेगळ्या शाखेत, म्हणजे मूळ कोडच्या स्वतंत्र प्रतीत, बरीच वर्षे खपून आटोक्यात आणली, नंतर ते काम इतरांनी मिळून मूळ प्रकल्पात तुकड्यातुकड्याने आणले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० आवृत्ती त्या सुधारणेसह आली. या कामाच्या नोंदी आणि चर्चा सर्वांसाठी खुल्या आहेत. त्या वाचल्यास हा प्रश्न का अवघड होता आणि चांगले काम तयार असूनही ते मुख्य प्रकल्पात यायला इतका वेळ का लागतो, हे दोन्ही कळेल.

रस्टला माझा विरोध नाही. मेमरीच्या हाताळणीतल्या चुकांचा एक मोठा वर्ग ती भाषा प्रोग्रॅम चालण्याआधीच पकडते, आणि म्हणूनच कर्नलने तिला दार उघडले. पण सी किंवा सी प्लस प्लसमध्ये पॉइंटर (मेमरीतला पत्ता) चुकून प्रोग्रॅम कोसळल्याचा अनुभव ज्याला नाही, त्याला रस्टची शिस्त जाचक वाटते आणि ती कशासाठी आहे हे उमगत नाही. तू तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिच्याकडे वळ. सी मात्र विसरू नकोस. लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारे ओपन सोर्स सॉफ्टवेअर पाहा. टूल पुढे सरकत असताना पुढचा आदेश ठरलेल्या क्षणीच पोचावा लागतो, उशीर झाला तर जॉब खराब होतो, म्हणून त्याचा तो भाग सीमध्ये लिहिलेला आहे. वर्कशॉपमध्ये सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आदेशावर चालणारे मशीन, घेण्याचा बाबांचा विचार आहे असे तू लिहितेस, तेव्हा ही वाट तुझ्यासाठी खुली आहे.

साधनांबद्दल तू एडिटर कोणता वापरावा असे विचारले आहेस. कोणताही चालेल; त्यावर अर्धा तासही घालवू नये. खरा वेळ द्यायचा तो गिटला, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये लिहिले, कारण तोवर कर्नलचे काम ज्या मालकी हक्काच्या साधनावर चालत होते त्याची फुकट वापराची सवलत काढून घेण्यात आली होती. गिट आणि गिटहब यांत मुले नेहमी गल्लत करतात: गिट हे तुझ्या संगणकावर चालणारे मुक्त साधन आहे, तर गिटहब ही गिटमधले प्रकल्प इंटरनेटवर ठेवण्याची, २००८ मध्ये सुरू झालेली आणि २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची सेवा आहे. आपले बदल जतन करणे एवढ्यावर गिटचा अभ्यास थांबवू नकोस. फाइलमधली प्रत्येक ओळ शेवटी कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने बदलली हे गिट दाखवते, आणि परका प्रकल्प समजून घेण्याचे त्याहून चांगले साधन मला माहीत नाही. नोंदीचा संदेश लिहिताना ‘दुरुस्ती केली’ असे मोघम लिहू नये; काय बिघडले होते आणि हा बदल का केला, हे दोन वाक्यांत यावे.

संगणकावर डेबियन, उबुंटू किंवा फेडोरा यांपैकी एक लिनक्स घाल, पण त्याआधी बाबांची सगळी ड्रॉइंग बाहेरच्या डिस्कवर काढून ठेव. मग फ्रीकॅड मूळ स्रोतापासून स्वतः बांधून, म्हणजे त्याच्या कोडचे चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रूपांतर (कंपाइल) करून, पाहा. ८ जीबी मेमरीवर ते रेंगाळेल, मध्येच मेमरी संपून थांबेलही, म्हणून एका वेळी चालणाऱ्या कंपाइलच्या कामांची संख्या एक किंवा दोनवर ठेव आणि रात्रभर चालू दे. पहिल्या प्रयत्नात ते बांधले गेले नाही तर त्याचा अर्थ तू कमी पडलीस असा नाही. चुकीचा संदेश नीट वाचून पुढे जाणे हाच त्या रात्रीचा अभ्यास आहे.

पहिले योगदान कोडचेच असावे असा हट्ट नको. इतरांनी नोंदवलेला दोष आपल्या संगणकावर तसाच घडतो का हे पाहून आवृत्तीचा क्रमांक, केलेल्या कृती आणि दिसलेला परिणाम नेमका लिहून कळवणे हे फार मोलाचे काम आहे आणि ते करणारे थोडे असतात. भाषांतराचेही काम असते. फ्रीकॅडचे भाषांतर क्राउडिन या सेवेवरून होते. मात्र मराठी शब्द निवडताना चॅम्फर, फिलेट, बोअर असे शब्द उद्यमनगरात जसे बोलले जातात तसेच ठेवावेत, असे मी आग्रहाने सांगेन. एआयकडून लिहून घेतलेले आणि स्वतःला न समजलेले कोड कोठेही पाठवू नये. जेंटू आणि नेटबीएसडी या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पांनी २०२४ मध्ये एआयने लिहिलेल्या कोडविरुद्ध नियमच केले. तुझे कोड तपासणारा माणूस बहुधा आपल्या फावल्या वेळात ते तपासत असतो, त्याच्या वेळेची किंमत आपण ठेवली पाहिजे.

तुझ्या मैत्रिणीने हाच प्रश्न विचारला आहे आणि तिच्या घरी छपाईचे व डीटीपीचे दुकान आहे. तिने मराठी मजकुराकडे पाहावे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ्य संगणकावर दोन रीतींनी लिहिला जातो: ऱ हे वेगळे अक्षर घेऊन, किंवा साध्या र पुढे हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही बहुधा सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असल्याने एका रीतीने शोधल्यास दुसऱ्या रीतीने लिहिलेला शब्द सापडत नाही. हा फरक ओळखून एकसारखा करणारा प्रोग्रॅम पायथनच्या दहा-पंधरा ओळींत होतो. लिबरऑफिस या ओपन सोर्स ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये शुद्धलेखन तपासणारे हन्स्पेल तर शब्दांची यादी आणि प्रत्ययांचे नियम अशा साध्या मजकुराच्या फाइलींवर चालते. घर, घरात, घरातला, घरातल्यांना ही रूपे नियमात बसवायला प्रोग्रॅमिंगपेक्षा मराठीची जाण अधिक लागते.

आईबाबांना माझ्या वतीने असे सांग. सॉफ्टवेअर फुकट मिळते म्हणून ते लिहिणारे सगळे फुकट राबतात असे नाही. लिनक्स कर्नलवर काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यांच्या कंपन्या त्याच कामाचा पगार देतात, आणि याच क्षेत्रातल्या रेड हॅटचे कार्यालय पुण्यात आहे. १८ वर्षे पूर्ण झालेल्या नवोदितांसाठी २००५ पासून चालणारा गुगल समर ऑफ कोड आणि मुलींना अर्ज करता येणारी आउटरीची, या दोन्ही उपक्रमांत घरी बसून ओपन सोर्स प्रकल्पांवर काम करता येते आणि मानधन मिळते. निवड मात्र प्रकल्पात आधी काय काम केले ते पाहून होते. पहिल्या वर्षी यातून पैसे येतील असे मी म्हणणार नाही. कॉलेजची परीक्षा, त्यातली जावा आणि डेटा स्ट्रक्चर हेही सोडायचे नाही, कारण कॅम्पसच्या मुलाखतीत तेच विचारतात. आठवड्याचे सहा-सात तास नियमाने दिले तरी पुरे आहेत.

शनिवारी त्या क्लासला प्रवेश घेऊ नकोस. त्या ४५,००० रुपयांतला छोटा हिस्सा लॅपटॉपची मेमरी ८ वरून १६ जीबी करण्यासाठी बाबांकडे माग. तुझ्या मॉडेलमध्ये ती वाढवता येते का, हे आधी दुकानात दाखवून खात्री करून घे. बुशचा प्रोग्रॅम चालू लागला की तो मला पाठव, आणि कुठे अडलीस तेही त्यात लिही.