ॲब्लेशननंतर तिसऱ्या आठवड्यात आलेला ताप

आपल्या वडिलांचे एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके) मुंबईत ॲब्लेशन (जांघेतून नळी घालून हृदयातला दोषी भाग उष्णतेने निकामी करणे) होऊन तीन आठवडे झाले आहेत, दोन दिवसांपासून ताप आहे, घास गिळताना छातीत दुखते आणि चोपडा गावात टायफॉइड समजून उपचार चालू आहेत. अशा वेळी एंडोस्कोपी करावी का, असे आपण विचारले आहे. मी जळगावात फिजिशियन आहे. एंडोस्कोपी आत्ता करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आजच छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन करून घ्या आणि ज्यांनी ॲब्लेशन केले त्या डॉक्टरांना लगेच फोन करा.

हृदयाचा डावा वरचा कप्पा आणि अन्ननलिका एकमेकांना अगदी लागून असतात. कप्प्याच्या मागच्या भिंतीला दिलेली उष्णता क्वचित अन्ननलिकेपर्यंत पोहोचते, तिथली जखम हळूहळू खोल जाते आणि काही आठवड्यांनी दोहोंमध्ये छिद्र पडते. मग जंतू रक्तात शिरून ताप येतो, आणि हवा किंवा अन्नकण मेंदूकडे गेल्यास झटके किंवा अर्धांगवायू होतो. एंडोस्कोपीत अन्ननलिकेत हवा भरली जाते. छिद्र असेल तर तीच हवा हृदयात जाऊन जीव जाऊ शकतो.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॉटर-एएफ अभ्यासात ॲब्लेशन झालेल्या साडेपाच लाखांहून अधिक रुग्णांपैकी 138 जणांना, म्हणजे सुमारे 0.025 टक्के लोकांना, हे छिद्र पडले. निम्म्या रुग्णांत लक्षणे 18 दिवसांच्या आत दिसली. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी जवळपास निम्मे वाचले; नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी दहातले नऊ दगावले. म्हणून शक्यता कमी असली तरी थांबण्यात अर्थ नाही.

आपल्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. खानदेशात पावसाळ्यात तापाचे इतके रुग्ण येतात की टायफॉइड, मलेरिया, डेंग्यू हेच आधी सुचते, आणि ॲब्लेशनची खूण जांघेत सुईएवढीच असल्याने रुग्णही त्याचा उल्लेख करत नाहीत. ॲब्लेशनमुळेच काही महिन्यांनी फुप्फुसाची शीर अरुंद होऊन खोकला आणि थुंकीतून रक्त सुरू झाले, तर तेही क्षयरोग समजले जाऊ शकते. डिस्चार्ज कार्ड प्रत्येक डॉक्टरांसमोर ठेवा.

पहिला सीटी निर्दोष आला आणि ताप उतरला नाही, तर तो पुन्हा करावा लागतो. छिद्र नाही हे कळेपर्यंत तोंडाने काही देऊ नका, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे काय करायचे हे ॲब्लेशन करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. छिद्र दिसल्यास हृदय आणि छातीचे सर्जन असलेल्या रुग्णालयात हलवावे लागेल. त्याची चौकशी सीटीचा रिपोर्ट येण्याआधीच करून ठेवा.