जुन्या चेनसॉची ताकद : आधी गेलेली परत आणा, मग वाढवा

प्रश्न : पन्नासेक सीसीची वापरलेली टू-स्ट्रोक चेनसॉ घेतली आहे. सुरू होते, पण जाड खोडात पट्टी अर्धी शिरली की दम सोडते. सायलेन्सर मोकळा केला, पोर्ट (सिलिंडरमधली वायू ये-जा करण्याची भोकं) घासले, ब्लॉकखालचं (सिलिंडरखालचं) गॅसकेट काढलं की ताकद वाढते असं ऐकलं. करावं का, आणि कोणत्या क्रमानं? लांब पट्टी बसवली आणि ऑइल थोडं जास्त घातलं तर चालेल का?

उत्तर : तुमची करवत समोर असती तर मी इंजिनाला हात लावण्याआधी साखळी पाहिली असती. असाच एक शेतकरी कामांची यादी घेऊन आला होता, पोर्टिंगपासून नव्या कार्बोरेटरपर्यंत. करवत लाकडाला लावली तर बाहेर पडणारा भुसा पिठासारखा बारीक. साखळीला धार होती, कारण दातांना त्यानं चार-पाच वेळा कानस मारली होती. पण प्रत्येक दातापुढे जो खोली ठरवणारा उंचवटा असतो, त्याला एकदाही हात लावला नव्हता. दात घासून खाली गेले, उंचवटा तसाच राहिला, मग दात लाकडात शिरणार कुठून? चपट्या कानशीचे दोन-तीन हात मारून ते उंचवटे दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली आणले आणि त्याच करवतीतून नखाएवढ्या चिपा उडायला लागल्या. यादी त्यानं मुकाट्यानं खिशात घातली.

तेव्हा धार नीट करून घ्या. ३/८ इंच पिचच्या (पिच म्हणजे साखळीच्या कड्यांमधलं अंतर) नेहमीच्या साखळीला ५.२ मिलिमीटरची गोल कानस लागते, ०.३२५ इंच पिचला ४.८ ची. बहुतेक साखळ्यांना कोन ३० अंशांच्या आसपास ठेवतात. दातावर कोनाची बारीक रेघ कोरलेली असते, तीच धरून चला. एका बाजूचे दात लांब आणि दुसरीकडचे आखूड झाले असतील तर काप वाकडा जातो, पट्टी खोडात अडकते आणि माणूस शिव्या मात्र इंजिनाला घालतो.

साखळी ठीक असूनही दम सुटत असेल तर इंजिनाकडे वळा, पण वाढवण्यासाठी नाही, तपासण्यासाठी. सायलेन्सरचे बोल्ट काढा आणि एक्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च मारून पिस्टन पाहा. दोरी हळूहळू ओढत पिस्टन वर-खाली करा. पिस्टनवर आडव्या बारीक रेषा दिसल्या तर त्या कारखान्यातल्या आहेत, चांगलं लक्षण. उभे ओरखडे दिसले, ॲल्युमिनियम ओढल्यासारखं वाटलं, तर इंजिन कधीतरी चिकटलेलं आहे. ओरखडे एक्झॉस्टच्या बाजूलाच असतील तर संशय कमी पेट्रोल, कमी ऑइल किंवा अति उष्णतेवर घ्यावा. कार्बोरेटरच्या बाजूला असतील तर फाटक्या किंवा नीट न बसलेल्या एअर फिल्टरमधून धूळ आत गेली असण्याची शक्यता जास्त. अशा इंजिनावर पोर्टिंगचा खर्च करू नका, आधी ब्लॉक-पिस्टन बदला.

सायलेन्सर काढलाच आहे तर त्याच्या तोंडाची जाळीही बघा. वापरलेल्या करवतीत ती काजळीनं बुजलेली असतेच असते. पिस्टन वर नेऊन एक्झॉस्टचं तोंड झाका आणि तिथला कार्बन लाकडी काडीनं खरवडा. स्क्रू ड्रायव्हर नको, पिस्टनला चरा पडतो. मग प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावा, थ्रॉटल पूर्ण दाबून काटा थांबेपर्यंत दोरी ओढा. १५० पीएसआयच्या आसपास आलं तर इंजिन निरोगी आहे, १०० च्या खाली आलं तर रिंगा गेल्या समजा. डिझेलचा फिल्टर बदलतो तसा पेट्रोलच्या टाकीतला छोटा फिल्टरही बदलावा लागतो, हे बहुतेकांच्या गावीच नसतं.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे हवेची गळती. थ्रॉटल सोडल्यावर आवाज लगेच खाली न येता रेंगाळतो का? गरम करवत आयडलिंगला ठेवून या कुशीवर, त्या कुशीवर कलती केली की रेस आपोआप बदलते का? तसं होत असेल तर क्रँकचं सील किंवा कार्बोरेटर आणि ब्लॉक यांच्यामधली रबरी नळी संशयास्पद आहे. मेकॅनिककडून प्रेशर आणि व्हॅक्यूम, दोन्ही टेस्ट करून घ्या. गळकं इंजिन ट्यून करणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं.

इतकं झाल्यावर गेलेली ताकद बहुतेक परत आलेली असते. त्यावर आणखी हवी असेल तर मी एकाच फेरफाराला हो म्हणेन : सायलेन्सर मोकळा करणं. आवाज आणि धूर आवरण्यासाठी कंपन्या बाहेरचं तोंड बरंच अरुंद ठेवतात, ते थोडं रुंद केलं की जळका वायू लवकर बाहेर पडतो आणि ओढ वाढते. सायलेन्सर करवतीवरून उतरवूनच भोक पाडा आणि कीस झटकून काढा, कारण एक कण आत गेला तरी ब्लॉकचं अस्तर जातं. बाहेरच्या तोंडाचं एकूण क्षेत्रफळ एक्झॉस्ट पोर्टच्या तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त करू नका. धुराचा झोत हाताकडे, टाकीकडे किंवा प्लास्टिककडे वळता कामा नये. ठिणगी अडवणारी जाळी परत बसवायचीच. वाळक्या गवतात एक ठिणगी पुरते. आत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर त्या सायलेन्सरच्या वाटेला जाऊ नका. आवाज वाढणार, तेव्हा कानाला मफ लावल्याशिवाय दोरी ओढायची नाही.

आणि इथेच करवती मरतात. सायलेन्सर मोकळा झाला की इंजिन हवा जास्त ओढतं, पेट्रोल मात्र तेवढंच राहतं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातूनच येतं, म्हणजे मिश्रण पातळ झालं (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) की वंगणही कमी पडलं. घात असा की पातळ मिश्रणावर करवत आधी झकास पळते, आवाज टिपेला जातो, मालक खूश होतो आणि थोड्याच वेळात पिस्टन चिकटतो. १३,००० आरपीएमला सेकंदाला दोनशेहून जास्त स्फोट होतात, सावरायला वेळ कुठला?

म्हणून भोक पाडलं त्याच दिवशी कार्बोरेटरचा एच स्क्रू (फुल रेसला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा) जुळवून घ्या. एअर फिल्टर साफ, साखळी धारदार, इंजिन गरम आणि चेन ब्रेक सोडलेला हवा. ब्रेक लावून फुल रेस केली तर क्लच जळतो. करवत दोन्ही हातांनी घट्ट धरा, पट्टी कशालाही लागू देऊ नका. एच स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेनं एक-अष्टमांश फेरा सोडा आणि फुल थ्रॉटल दोन-तीन सेकंदच द्या. मोकळ्या हवेत आवाज थोडा फुटका, घरघरता यायला हवा आणि लाकडात शिरताच स्वच्छ, एकसंध व्हायला हवा. मोकळ्यातही आवाज स्वच्छ असेल तर मिश्रण पातळ आहे, आणखी सोडा. लाकडातही घरघर राहिली तर जाड आहे, किंचित आवळा. नवीन करवतींच्या कॉइलमध्ये रेव्ह लिमिटर, म्हणजे आरपीएम ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारा भाग, असतो. तो लागला की अगदी तसाच फुटका आवाज येतो आणि कान फसतो. तिथे टॅकोमीटर (आरपीएम मोजणारं यंत्र) लावून, कंपनीनं दिलेल्या कमाल आरपीएमच्या खालीच राहा. ज्या करवती मिश्रण इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं स्वतःच जुळवतात, त्यांना हा स्क्रू नसतो.

गॅसकेट काढण्याबद्दल : पिस्टन आणि हेडमधली फट कमी होऊन कॉम्प्रेशन वाढतं, हे खरं. पण ती फट प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत सरकवून, पिस्टननं चेपून, व्हर्नियरनं चार जागी मोजावी लागते. कुठेही ०.५ मिलिमीटरच्या खाली आली तर पिस्टन हेडवर आपटण्याची भीती. शिवाय ब्लॉक खाली बसल्यानं सगळ्या पोर्टचं टायमिंगही (उघडण्या-मिटण्याची वेळ) सरकतं. मोजायची तयारी नसेल तर गॅसकेट राहू द्या.

पोर्ट घासायला माझं स्पष्ट नाही. रिंगेची टोकं पिनेला अडकवून पोर्टपासून दूर ठेवलेली असतात. पोर्ट अंदाजानं रुंद केला, कडा मऊ केल्या नाहीत, तर रिंग त्या कडेला अडकून तुटते आणि ब्लॉक फाडते. हे काम करणारे कारागीर आहेत, पण ते डिग्री व्हील (क्रँक किती अंश फिरला ते दाखवणारी चकती) लावून मोजतात, डोळ्यांच्या अंदाजानं घासत नाहीत. फ्लायव्हीलची चावी घासून ठिणगीचं टायमिंग पुढे नेण्याचंही तेच. दोरी उलट झटका मारते आणि बोटं दुखावतात.

लांब पट्टीचं उत्तर सोपं आहे. जितकी पट्टी लाकडात, तितके जास्त दात एकाच वेळी लाकूड खेचतात, म्हणजे आहे ती ताकद वाटली जाते. दम सुटत असताना उलट आखूड पट्टी घ्या, करवत लगेच वेगळी वाटेल. कंपनीनं दिलेल्या कमाल लांबीच्या पुढे तर जायचंच नाही.

ऑइल जास्त घालून ताकद वाढत नाही. पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर ५ लिटर पेट्रोलला १०० मिलिलिटर चांगलं टू-टी ऑइल, २५:१ असेल तर २०० मिलिलिटर. मापट्यानं मोजा, झाकणाच्या अंदाजानं नको. ऑइल वाढवलं की तेवढ्याच मापात पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण उलट पातळच होतं, आणि प्लगवर काजळी चढते ती वेगळी. ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल यात कधीही घालू नका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं, म्हणून महिन्याभरात संपेल एवढंच मिश्रण करा आणि करवत ठेवून देताना टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

फेरफारानंतरच्या पहिल्या दोन टाक्या हलक्या कामावर घालवा. मग जोराच्या कापातच इंजिन बंद करून प्लग काढून पाहा. दुधाळ कॉफीसारखा तपकिरी असेल तर जमलं. पांढरट असेल तर एच स्क्रू सोडा आणि सायलेन्सर उतरवून पिस्टन पुन्हा एकदा टॉर्चनं बघा.