गाडीमागे ट्रेलर असताना टायर फुटला तर काय करावं?

बोरिवलीहून अलिबागला एसयूव्हीमागे छोट्या बोटीचा ट्रेलर न्यायचाय, टायर फुटला तर ब्रेक कधी दाबायचा आणि उन्हाळा म्हणून हवा थोडी कमी ठेवायची का, असं तुम्ही विचारलंय. मीही बोट अशीच नेतो, म्हणून लिहितोय.

आधी हवेचं, कारण टायर फुटण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. हवा अजिबात कमी ठेवू नका. "उन्हात फुगते, चार पॉइंट कमीच भरा" हे पंपावर हमखास ऐकवतात. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते-सुटते, त्यानेच टायर आतून तापतो आणि वेगात आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा आकडा थंड टायरचा असतो. चालताना दाब वाढणार हे कंपनीने धरलेलंच असतं. मागे ओझं आहे, तेव्हा त्यातला पूर्ण भाराचा आकडा घ्या आणि सकाळी निघण्याआधीच हवा तपासा. नायट्रोजनवर भरवसा ठेवू नका, साध्या हवेतही 78 टक्के तोच असतो.

ट्रेलरचा टायर झिजण्याआधी उभ्या उभ्याच जुना होतो. पावसाळाभर बोट झाकलेली, नक्षी अगदी नवी दिसते. टायरच्या बाजूला डीओटी (DOT) ने सुरू होणारा कोड लिहिलेला असतो, त्याचे शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. अंगठ्याने रबर दाबल्यावर बारीक चिरा उघडत असतील तर तो टायर घेऊन निघूच नका.

आता ब्रेकचं. टायर फुटला की पाय आपोआप ब्रेकवर जातो, तो जाऊ द्यायचा नाही. पुढचा फुटला तर गाडी त्या बाजूला ओढते, मागचा फुटला तर शेपूट हलते. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरा, गाडी सरळ ठेवा, ॲक्सिलरेटर झटक्यात न सोडता हळूहळू सोडा. वेग आपसूक उतरला की इंडिकेटर देऊन कडेला घ्या आणि अगदी शेवटी हलका ब्रेक. छोट्या ट्रेलरला बरेचदा स्वतःचे ब्रेक नसतात. तुम्ही करकचून दाबलात तर मागचं ओझं गाडीला ढकलतं आणि ट्रेलर आडवा होऊन गाडीवर येतो.

सायन-पनवेल रस्त्यावर माझ्या ट्रेलरचा डावा टायर फुटला होता. बोटीच्या आवाजात तो धडाका नीट ऐकूही आला नाही. आरशात बोट डावीकडे कललेली दिसली आणि मग स्टिअरिंगमध्ये हेलकावा जाणवला. वेग साठच्या आत होता म्हणून निभावलं. ट्रेलर असताना मी त्याच्या वर जातच नाही. वाशी खाडीपुलावरचा आडवा वारा आणि कळंबोलीजवळ बाजूने जाणारे कंटेनर एवढ्याने ट्रेलर डोलायला लागतो. डोलला तर स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका आणि वेग वाढवून सावरायला जाऊ नका.

डोलण्याचं खरं कारण बहुधा वजन मागे जाणं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हुकावर यायला हवा, म्हणजे 600 किलोला 60 ते 90. गाडीच्या पुस्तकात हुकाची मर्यादा त्याहून कमी दिली असेल तर तीच पाळा. इंधनाचे कॅन, नांगर सगळं पुढे सरकवा. सुरक्षेच्या साखळ्या ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखालून एकमेकींवर फुलीसारख्या बांधा. कपलिंग, म्हणजे ट्रेलर हुकाला जोडणारा भाग, सुटलंच तर दांडा त्या फुलीत अडकतो, रस्त्यात रुतत नाही.

वडखळला चहाला थांबाल तेव्हा ट्रेलरच्या दोन्ही हबना, म्हणजे चाकांच्या मधल्या भागांना, हात लावा. एक जास्त तापला असेल तर बेअरिंग जातंय. किनाऱ्यावर पोचल्यावरही हब निवेपर्यंत ट्रेलर पाण्यात उतरवू नका, नाहीतर गरम हब निवताना खारं पाणी आत खेचतो.

ट्रेलरची स्टेपनी वेगळी घ्या, गाडीची बहुधा बसणार नाही. चाक बदलताना ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा, त्रिकोण बराच मागे लावा आणि घरच्यांना रेलिंगच्या पलीकडे उभं करा. गाडीचा जॅक ट्रेलरच्या ॲक्सलखाली नीट बसतो का, ते सोसायटीच्या आवारातच एकदा लावून बघा.